धाकट्याचा नेम

ताई कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, त्यांवर मेणात एकेक दात बसवायचा, मग कवळी घासून गुळगुळीत करायची. दिवसभर लोकांच्या हसण्याची सोय लावून ती संध्याकाळी घरी यायची आणि चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरवर शत्रूची विमानं पाडायला बसायची. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर धाकट्या भावानेच तिला हा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर लावून दिला होता. तो दुसऱ्या शहरात राहायचा. रोज दोघं हेडफोन लावून जोडीने उडायची आणि गप्पा मारायची.

खेळ धाकट्याने आणला, पण हात बसला ताईचा. लांबवर आडवं जाणारं विमान टिपण्यात तिचा हातखंडा होता. धाकट्याला ते काही केल्या जमेना. तो थेट विमानावर नेम धरायचा आणि गोळ्या शेपटीमागून निघून जायच्या.

"अरे, विमान आहे तिथे मारू नकोस, असणार आहे तिथे मार," ती समजावायची. "गोळीला पोचायला वेळ लागतो. नाकापुढे भरपूर जागा सोड, थोडं वर धर. समोर नुसतं आभाळ दिसलं की समज, नेम बरोबर आहे."

"नुसत्या आभाळावर गोळ्या झाडायला हात धजत नाही गं ताई."

मग धाकट्याचा माईक बिघडला. 'आता टाइप करत जाईन,' त्याने कळवलं. ताईला उलट बरंच वाटलं. तोंडाने बोलवत नाही ते लिहिता येतं. कोर्टाच्या फेऱ्या, एकटीचं जेवण, रोज स्वतःच उघडावं लागणारं घराचं कुलूप, सगळं तिने लिहिलं. वहिनीबद्दलही लिहिलं: 'तुझी बायको फोनवर तोडून बोलते. मी नकोशी झालेय तिला.' बऱ्याच वेळाने उत्तर आलं, 'तसं नाहीये.' बायकोची बाजू घेणारच तो, म्हणून ताईने विषय सोडून दिला.

हळूहळू धाकट्याचा नेम सुधारत गेला. एका संध्याकाळी ताईच्या मागे शत्रू हात धुऊन लागला होता. धाकट्याने पार लांबून, त्या विमानाच्या कितीतरी पुढे, एकच आखूड फैर सोडली. विमान बोलावल्यासारखं गोळ्यांत शिरलं आणि त्याचा पंखच उडाला. ताई खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागली. टाइप करण्याइतका धीर कुठला! तिने फोनच लावला.

"अरे राजा, काय मारलंस!"

"काय मारलं? ताई, मी बाजारात भाजी घेतोय."

"मग विमानात कोण आहे?"

भाजीवाल्याचा आवाज मागे पडला. मग धाकटा चाचरत म्हणाला, "अगं, रोज रोज कंटाळा यायला लागला मला. तुला नाही कसं म्हणणार? म्हणून हिला म्हटलं, तू बसत जा. तुला वाईट वाटू नये म्हणूनच..."

"आणि माईक?"

"माईकला काही झालं नव्हतं."

ताईने फोन ठेवला. म्हणे, वाईट वाटू नये म्हणून! लिहिलेलं एकेक वाक्य आठवून तिचे कान तापले. पडद्यावर ते दुसरं विमान अजून तिच्या शेजारून उडत होतं.

'वहिनी?' तिने टाइप केलं.

'हो ताई. मी पहिल्याच दिवशी सांगणार होते. हे नको म्हणाले. मग तुम्ही कोर्टाचं लिहिलंत आणि मला उठवेना. फोनवर मला बोलायला सुचतच नाही. इथे जमत होतं.'

'मी लिहिलेलं त्याला दाखवलंस?'

'नाही. त्यांनी कधी विचारलंच नाही.'

ताईने कॉम्प्युटर बंद केला. माईकचं खोटं तिने एक वेळ गिळलं असतं, पण हे शेवटचं वाक्य तिच्या घशाखाली उतरेना.

धाकटा नंतर येऊन माफी मागून गेला. ताईने त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, पाहुण्याला विचारावं तसं प्रवास कसा झाला ते विचारलं. त्याचे फोन अजून येतात. ती तब्येत विचारते आणि ठेवते. अधूनमधून वहिनीबरोबर उडते, पण 'डावीकडे बघ', 'बघितलं', यापलीकडे काही लिहीत नाही.