उरल्या माशाचा बाऊल

“मामा, पाहुणे येऊन बसलेत. काय असंल ते जल्दी पाठवा!” शेठ किचनच्या दारातून ओरडले. दुपारची जेवणं उरकली होती, गॅस बंद होता. मंठा रोडवरच्या त्या हॉटेलात मी मुख्य कुक. स्टाफसाठी बाजूला ठेवलेले रोहूचे तळलेले तुकडे, थोडा रस्सा आणि गार भात, एवढंच शिल्लक होतं. उरलेलं स्टाफचं, हा आमच्याकडचा रिवाज. पण मालकापुढे रिवाज कोण सांगणार?

रोहू हा धरणातला मासा. चवीला गोड, पण मांसात बारीक काटे फार. आपण भाकरीसोबत हाताने खातो तेव्हा काटा बोटांनाच कळतो. पण मी भातावर मासा घालून बाऊल द्यायचं ठरवलं होतं; बाऊल चमच्याने खातात, आणि चमच्याला काही कळत नाही. म्हणून मी सुनंदाबाईंना हाक मारली. त्या आमच्याकडे भाकऱ्या थापायच्या. त्यांनी मासा परातीत पसरला आणि चाचपत चाचपत सगळे काटे काढले. तोवर मी लसूण, मिरची, कांदा परतून भात मोकळा करून टाकला. गार भाताची शितं चिकटत नाहीत, तेवढी सोय. वर मासा, रस्सा, लिंबू. झालं.

पाहुण्यांनी चाटूनपुसून खाल्लं. लगेच मेनूवर ‘झटपट फिश बाऊल’ आला आणि स्टाफच्या ताटातला मासा गेला.

“शेठ, हे झटपट होत न्हाई. काटे काढायला बाईंना वेळ लागतो.”

“काढून राह्यल्या ना? मंग झालं तर.”

काढत होत्या खऱ्या. भाकऱ्या सांभाळून, वर हेही.

मग एका बाजाराच्या दिवशी हॉटेल तुडुंब भरलं. शेठ आत आले. “बाई, ते राहू द्या. बाहेर टेबलं पुसा, लोक उभे हायेत.”

“शेठ, मासा तसाच पडलाय,” सुनंदाबाई म्हणाल्या.

“मी पाहतो. तुम्ही जा.”

मी कढईवरून ओरडलो, “आज बाऊल बंद ठेवा!” शेठनी ऐकलं नाही. परातीतला मासा स्वतःच्या हाताने उचलून भातावर टाकला आणि बाऊल घेऊन गेले.

गिऱ्हाईकाच्या घशात काटा अडकला. दवाखान्यात नेऊन काढावा लागला. माणूस बरा झाला, पण घरच्यांना घेऊन भांडायला आला. शेठनी सगळ्यांसमोर बोट दाखवलं. “काटे काढायचं काम या बाईंचं. आजपासून यांना कामावरून बंद केलं.”

सुनंदाबाई गोंधळून म्हणाल्या, “मला तुम्हीच टेबलं पुसायला लावल्तं, शेठ.”

मी पुढे झालो. “मासा तुम्ही टाकला. मी पाहिलंय.”

“तुम्ही कुक हायेत मामा, वकील न्हाई. किचनमध्ये जा.”

गिऱ्हाईकाला काय, कोणाला तरी कामावरून काढलं एवढ्यावर त्याचं समाधान झालं.

सुनंदाबाई पदराला हात पुसत मला म्हणाल्या, “भाऊ, कापूस वेचूनबी पोट भरंल. पण लग्नाकार्यात भाकऱ्या करायला मला आवर्जून बोलावत्यात. आता कोण बोलावंल? म्हणतील, हिच्या हातचं खाऊन माणूस दवाखान्यात गेल्ता.”

तसंच झालं. त्या हंगामात त्यांना एकाही लग्नाचं बोलावणं आलं नाही.

बाऊल मात्र बंद झाला नाही. शेठनी त्याच आठवड्यात शहरातून बिनकाट्याचा फ्रोझन मासा मागवायला सुरुवात केली. रोहूपेक्षा कितीतरी महाग. म्हणजे चूक कुठे झाली ते त्यांना बराबर कळलं होतं. मी विचारलं, “मग आता बाईंना परत बोलावू?” ते म्हणाले, “कशाला? आता काटेच न्हाईत.”

चूक सुधारायला मालक हवा तेवढा खर्च करतो. कबूल करायला काहीच खर्च येत नाही, पण तेवढं त्याला परवडत नाही.