आरशाने मोजलेली खोली

नारपोलीत अठ्ठावीस वर्षं मी पॉवरलूमवर जॉबर होतो, म्हणजे मशीन बिघडलं की दुरुस्त करणारा. सगळी शेड खडखडत असताना कोणतं मशीन कुरकुरतंय हे मी दारातूनच सांगायचो. मालक पाहुण्यांना माझ्याकडे बोट करून दाखवायचा, "इसके कान देखो." मला त्याचा अभिमान होता. कानात कापूस घालणाऱ्यांना मी हसायचो.

शेड मोडून तिथे गोदाम झालं, तेव्हा ठरवलं, आता आयुष्यभर राहून गेलेलं गाणं निवांत ऐकायचं. घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. तिथे चांगले स्पीकर आणून लावले. पण तबला पिंपात वाजवल्यासारखा घुमला, आणि टाळी वाजवली तर ती दोन भिंतींच्या मध्ये झणझणत राहिली.

माझा तरुणपणापासूनचा एक मित्र हार्मोनियम दुरुस्त करतो. त्याला बोलावलं. त्याने मला खुर्चीत बसवलं आणि हातातला आरसा भिंतीवरून हळूहळू सरकवला. "स्पीकर दिसला की सांग." दिसला तिथे त्याने खडूने फुली मारली. "इथून आवाज आपटून तुझ्याकडे येतो. इथे मऊ काहीतरी हवं."

आम्ही दोघांनी लाकडी चौकटी केल्या, आत आवाज शोषणारं लोकरीसारखं रॉकवूल भरलं, वरून ग्रे, म्हणजे मागावरचं कोरं, कापड ताणून ठोकलं. कोपऱ्यांत जाड थर लावले. आठ दिवस खपलो. घुमणं गेलं. मित्र डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "झालं. आता हात लावू नकोस."

पण मला तंबोरा गोधडीखालून आल्यासारखा वाटत होता. गाणाऱ्याचे शब्द कळेनात. मी ठरवून टाकलं की कापडाने आवाज खाल्ला. एक चौकट काढली, मग दुसरी. मागच्या भिंतीला गुळगुळीत सनमायका लावला. स्पीकरचा बारीक, म्हणजे उंच पट्टीचा, आवाज वाढवत नेला. बायको गणेशपुरीकडची. ती चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"कानात सुया टोचल्यागत व्हतंय. तुम्हाला काय वाटत न्हाय?"

"तुला गाण्यातलं काय कळतं?" मी म्हणालो. ती कप उंबऱ्यावर ठेवून गेली. नंतर वर आली नाही.

महिन्याने मित्र आला, सोबत त्याचा जावई. भिंती बघूनच मित्राचा चेहरा उतरला. मी गाणं लावलं. तो मिनिटभर बसला, मग जवळ येऊन हळू म्हणाला, "खोली बिघडलीय. आणि तू एकदा कान तपासून घे."

मी जावयासमोर त्याला म्हणालो, "कान तुझे गेलेत. फुटक्या पेट्यांचे भाते हलवून."

तो वळला. जावयाचा हात धरून जिना उतरला.

वर्ष गेलं. मी त्या खोलीत एकटाच भिंतींशी भांडत होतो. शेवटी मुलीने जबरदस्तीने तपासणीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे, जाड आवाजांपाशी, ती ठीक चालली होती, पुढे बारीक आवाजांकडे एकदम खाली कोसळली होती.

"लूमवर किती वर्षं?"

"अठ्ठावीस."

"बारीक आवाज गेलेत, काका. ते परत येणार नाहीत. कानाला मशीन लावलं तर बोलणं समजेल. गाण्याचं सांगता येत नाही."

परतताना शेडच्या जागेवरून गेलो. माझे कान त्या मालकाने वापरून घेतले, आणि मी ते हौसेने दिले.

दुसऱ्या दिवशी मित्राकडे गेलो. तो एका पेटीचे पितळी सूर घासत होता. मी कागद पुढे केला. त्याने तो वाचलाही नाही.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "आवाज एवढा टोचत होता आणि तू शांत बसला होतास."

"मग ओरडून सांगायचंस."

"सांगितलं की. जावयादेखत तुझं उत्तरही ऐकलं."

"चूक झाली. ये एकदा घरी."

"बघू. हल्ली जिने चढवत नाहीत." तो पुन्हा सूर घासायला लागला. मी कागद घडी करून खिशात घातला आणि निघालो. तो अजून आलेला नाही.

सनमायका मी काढून टाकला, खडूच्या फुल्या पुसट दिसत होत्या तिथे चौकटी परत ठोकल्या. आता मुलगी आणि तिच्या मैत्रिणी येऊन ऐकतात. "काय सुंदर लागतंय हो तुमच्या खोलीत!" म्हणतात. मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघून मान डोलावतो. बायको मात्र वर येत नाही.