समोरच्याचं वावर

त्या दिवशी मी जाम चिडून मौद्याच्या बसमध्ये बसले होते. आमच्या विहिरीचं पाणी भावाच्या वावरात जाऊ नये, असा अर्ज पिशवीत होता आणि तो घेऊन मी तहसीलीत चालले होते.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचं नाव मी विचारलं नाही, पण त्यांचा अंगठा आजही आठवतो. त्या मोबाइलवर आफ्रिकेतला एक खेळ खेळत होत्या. सहा खड्डे आपले, सहा समोर फोनचे. एका खड्ड्यातले दाणे उचलायचे आणि पुढच्या खड्ड्यांत एकेक पेरत जायचं. खरं तर नुसतं बोट लावलं की दाणे आपोआप पडत. तरी प्रत्येक दाण्यामागून या बाई अंगठा अलगद ओढत होत्या, वावरात सरकीचं बी टोबल्यावर वरून माती लोटतात तसा. आणि फोन डावामागून डाव हरत होता.

एका डावात फोनचे सगळे खड्डे रिकामे झाले. मी खूश होऊन म्हटलं, "आता एकही दाना देऊ नका त्याले, मावशी!"

"द्याच लागते वं, नियमच हाय तसा," त्या म्हणाल्या. "त्याच्या वावरात दाना नसन, तं तो खेळन काय? अन् मंग मी कोनासंगं खेळू?"

त्यांनी आपले दाणे समोरच्या ओळीत पेरले आणि वरून माती लोटली.

मौदा आलं. "कोनाकडं चालली वं?" त्यांनी विचारलं.

तहसीलीत, असं सांगणार होते. तोंडून निघालं, "भावाकडं."