सारखी पकड

आमच्या भाऊजींनी आयुष्यात कागदाखेरीज काहीही मारलेलं नाही, आणि कागद त्यांच्याइतक्या निष्ठेने मारणारा दुसरा माणूस अख्ख्या दक्षिण गोलार्धात सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. न्यूझीलंडातल्या अप्पर हटमध्ये माझ्या घरापासून दोन रस्ते सोडून राहतात, अंडंसुद्धा खात नाहीत, आणि शनिवारी रायफल घेऊन क्लबच्या रेंजवर कागदी टार्गेटवर नेम धरायला जातात. क्लबातले बाकीचे सगळे हरणं मारणारे. त्यांनी सुरुवातीला प्रेमाने मांस देऊ केलं, तर भाऊजींनी त्यांनाच डब्यातली साबुदाण्याची खिचडी खायला घातली. आता ते आडदांड शेतकरी शनिवारी आधी डब्यात डोकावतात आणि मग टार्गेटकडे बघतात.

भाऊजी काडतुसं विकत आणत नाहीत. उडवून झालेल्या पितळी पुंगळ्या घरी आणतात, गॅरेजमध्ये साफ करतात आणि त्यांत नव्याने दारू नि गोळी भरतात. त्यांचा सगळा जीव अडकलाय पुंगळीच्या मानेत. मान म्हणजे तिचं वरचं निमुळतं तोंड, जे गोळीला धरून ठेवतं. एकीने गोळी घट्ट धरली आणि दुसरीने सैल, तर दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या वेगाने सुटतात आणि लांबच्या टार्गेटवर एक वर लागते, एक खाली. "घट्ट की सैल हा प्रश्नच नाही, मेहुणीबाई," भाऊजी सांगतात, "पकड सगळ्यांची सारखी हवी." हे मी इतक्यांदा ऐकलंय, की टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधतानासुद्धा माझ्या हाताला ते आठवतं.

हे सारखेपणाचं वेड गॅरेजात राहिलं असतं तर ठीक होतं. पण भाऊजी ताटातल्या दोन पुऱ्या शेजारी धरून त्यांची जाडी बघणार. हात मिळवतील तर डॉक्टरशी, प्लंबरशी आणि पाच वर्षांच्या पोराशी अगदी एकाच जोराने. ताई गेली तेव्हा लोक येऊन गळ्यात पडायला बघत होते. भाऊजींनी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाशी तसाच हात मिळवला. लोक म्हणाले, काय कोरडा माणूस! मी त्यांना म्हटलं, चहा घ्या आणि निघा.

एकदा त्यांनी पुंगळ्या तांदळात घोळवून घासायच्या यंत्रात ताईचा ऑकलंडहून जपून आणलेला आंबेमोहोर ओतला होता. ताई कमरेवर हात ठेवून उभी. "घरात बासमती होता ना?" तर म्हणे, "बासमती लांब असतो, मानेत अडकतो." तो तांदूळ अर्थात फेकावा लागला. ताईने आठवडाभर त्यांना फक्त खिचडी वाढली, बासमतीची. पण गॅरेजमधलं तिचं काम काही तिने सोडलं नाही. पितळ दरवेळी उडवून आणि दाबून कडक होत जातं, मग मान पूर्वीसारखी धरत नाही. म्हणून ती गॅसच्या ज्योतीवर तापवून पुन्हा नरम करायची असते. ते काम ताईचं. गॅरेजचं दार खाली ओढायची, दिवा बंद करायची, पुंगळी चिमट्यात फिरवत बसायची आणि अंधारात मानेवर पुसटशी लाली चढली रे चढली की खाली टाकायची. दोघं तिथे तासन्‌तास असायची. काय बोलायची देव जाणे. बाहेर फक्त पुंगळ्या पडल्याचा टण्‌ आवाज यायचा.

ताई गेल्यावर भाऊजींच्या गोळ्या वरखाली जायला लागल्या. माझा भाचा ऑकलंडला, अवोन्डेलमध्ये राहतो. त्याने लगेच निकाल लावला. "बाबा, सीरियसली, तुमचे डोळे गेलेत. रायफल विका आणि आमच्याकडे या. मागे स्लीपआउट रिकामंच आहे." स्लीपआउट म्हणजे अंगणातली एक खोली. घरात लहान मुलं, त्यामुळे सून रायफल येऊ देणार नव्हती, आणि त्यात तिचं काही चूक नव्हतं.

"डोळे गेले असते तर गोळ्या चारी दिशांना गेल्या असत्या," भाऊजी कडाडले. "ह्या फक्त वरखाली जातायत. मला काय डावं-उजवं दिसतं आणि वरचं-खालचं दिसत नाही?"

"बाबा, प्लीज."

"हिवाळ्याच्या मॅचला ये. तिथेही वरखाली गेल्या तर त्याच संध्याकाळी रायफल विकतो. नाही गेल्या तर स्लीपआउट भाड्याने दे."

भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, तू तरी समजाव." मी म्हटलं, "मला त्यांचा मुद्दा पटलाय. तुझा पटला की समजावते."

पण मॅच जवळ आली तरी गोळ्या काही एका रेषेत येईनात. भाऊजींनी माना मोजल्या, पुंगळ्या बदलल्या, क्लबातल्या म्हाताऱ्याने "शी'ल बी राइट, मेट", म्हणजे होईल सगळं ठीक, असं म्हटलं म्हणून त्याच्याशी भांडण केलं. शेवटी एका सकाळी मी गॅरेजमध्ये गेले. बाहेर गवतावर दहिवर गोठून पांढरं झालं होतं. भाऊजी दिवा लख्ख लावून, समोर घड्याळ ठेवून पुंगळ्या तापवत होते. प्रत्येकीला मोजून तितकेच सेकंद.

"ताई घड्याळ लावायची?"

"ती अंदाजाने करायची. मी नेमकं करतो."

मी गॅसच्या बाटलीला हात लावला. बर्फासारखी गार, आणि अर्ध्याहून जास्त रिकामी. अशा थंडीत माझ्या बार्बेक्यूची ज्योतही मलूल होते. मग वांगं भाजायला दुप्पट वेळ लागतो. "तुमचे सेकंद सारखे आहेत," मी म्हटलं, "पण ज्योत सारखी आहे का?"

भाऊजींनी घड्याळ पालथं घातलं. मग उठले, दार खाली ओढलं, दिवा बंद केला आणि चिमटा माझ्या हातात दिला. "तू फिरव. माझा हात थरथरतो." हे त्यांनी मुलाला कधीही सांगितलं नसतं.

"थरथरत्या हाताने नेम धरणार?"

"तिथे रायफल वाळूच्या पिशवीवर असते. इथे पिशवी नाही."

मॅचच्या दिवशी भाचा ऑकलंडहून आला, दुर्बिणीला डोळा लावून मागे उभा राहिला. वाऱ्याने भोकं थोडी डावी-उजवीकडे गेली होती, पण सगळी एका ओळीत, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. भाऊजींचा नंबर आला नाही. ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "वारा माझ्या हातात नाही. बाकी सगळं आहे." भाच्याशी त्यांनी हात मिळवला, सगळ्यांशी मिळवतात तसाच. स्लीपआउटमध्ये आता एक विद्यार्थिनी राहते.

शनिवार जवळ आला की मी त्यांच्या गॅरेजमध्ये पुंगळ्या तापवायला जाते. आम्ही फारसं बोलत नाही. परवा गोळ्या मानेत दाबून बसवायच्या प्रेसचा दांडा हाताने जोखत दाबता दाबता भाऊजी थांबले. "तुझ्या पुंगळ्यांची पकड तिच्यासारखी नाही," म्हणाले. मी चिमटा खाली ठेवणार, तेवढ्यात म्हणाले, "पण सारखी आहे. तेवढं पुरे."

वरच्या फळीवर ताईचा चहाचा डबा आहे. पुंगळ्या कमी पडल्या म्हणून मी तो काढला, तर आत तिने तापवलेल्या पुंगळ्या, मानेवर निळसर कडं असलेल्या, ओळीने उभ्या. "ह्या का नाही वापरत?"

"एकदा उडवल्या की मग त्या तुला पुन्हा तापवाव्या लागतील," भाऊजी म्हणाले.

मी झाकण लावलं आणि डबा होता तिथे ठेवला. मग दिवा बंद केला आणि पुढची पुंगळी चिमट्यात धरली.