इलिशचे काटे काढणारी आमची मौवहिनी

मौवहिनी आज सकाळी गेली.

बरेच महिने तिच्या तोंडात अन्नाचा कण गेला नव्हता. अन्ननलिकेचा कॅन्सर. नाकात नळी, नळीतून दूध, डाळीचं पाणी, डॉक्टरांनी दिलेली पावडर.

आणि खाण्यावर इतका जीव असलेली दुसरी बाई मी पाहिली नाही.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या एकुलत्या एक भावाची बायको. बंगालची. दादा रेल्वेत, त्याचं खरगपूरला पोस्टिंग असताना दोघांचं जमलं. लग्न करून ती थेट अकोल्याच्या जुन्या शहरात आली. शाळेत भूगोल शिकवायची.

वऱ्हाडी तिनं वर्गातल्या पोरांकडून उचलली. "काहून बे, होमवर्क कोन कोरन?" असं बंगाली वळणानं ओरडली की अख्खा वर्ग हसायचा. मग तीही हसायची.

"बंगालीत 'तुमी', तुमच्यातही 'तुमी'," मला म्हणायची. "नवऱ्याशी भांडाले एवढं पुरते."

यंदा दुर्गापूजेच्या दिवसांत दादा तिला चेकअपसाठी अमरावतीला घेऊन आला. मी इथंच राहते, म्हणून दवाखान्यात मीही सोबत होते.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि दादाला बाहेर बोलावलं.

वहिनी म्हणाली, "माझ्यासमोर बोला."

ते बोलले. आता किमो नको म्हणाले. घरी न्या, आनंदात ठेवा.

आनंदात.

तिथून गाडीनं निघालो. राजापेठेच्या गर्दीत अडकलो आणि वहिनीनं काचेवर बोट टेकवलं. एका रेस्टॉरंटवर बॅनर लागलं होतं. पूजा स्पेशल, बंगाली जेवण.

"चला."

दादा म्हणाला, "मौ, तिथं जाऊन काय करशीन?"

"तुमी जेवा. मी पाहीन."

"मले नाही जमनार ते."

"मले तरी कुठं जमते? पन पूजा हाय ना."

नळी झाकायला तिनं ओढणी नाकावरून गुंडाळून घेतली. आपल्याकडे उन्हात सगळ्याच बाया तोंड बांधतात, कुणी वळूनही पाहिलं नाही.

मेनू तिनं मला वाचूच दिला नाही. सगळी ऑर्डर तिचीच. मैद्याच्या फुगलेल्या लुची, हरभऱ्याची छोलार डाल, वांग्याचं बेगुन भाजा, मटणाचं कोशा मांगशो, टमाट्याची गोड चटणी. आणि मोहरीतली इलिश मासोळी, हावड्याच्या गाडीनं बर्फात आलेली.

सगळं आलं. टेबल भरलं.

आम्ही दोघं बसून राहिलो.

"रेखा, लुची गरम असतानाच खाय," ती म्हणाली. "हवा गेली की मजा गेली."

मी घास घेतला. जेवण अतिशय सुंदर होतं. ते बेचव असतं तर किती बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं.

"कसं हाय?"

"छान आहे गं वहिनी."

"छान काय? नीट सांग. डाळीत नारळाचे तुकडे लागून राहिले का? गोड हाय थोडी?"

मी सांगत गेले. खोबरं लागतंय. आलं लागतंय. वांग्याची कड कुरकुरीत आहे. ती डोळे मिटून ऐकत होती. मला मराठीचे शब्द पुरेनात.

दादा मटण खायचा, पण काट्याच्या मासोळीला त्यानं उभ्या जन्मात हात लावला नव्हता. इलिशला तर केसासारखे बारीक काटे. वहिनीनं त्याचं ताट स्वतःकडे ओढलं. बोटांनी चाचपत एकेक काटा काढला, ताटाच्या कडेला रांगेत ठेवला. मग भातात कालवून ताट परत सरकवलं.

"आता खा."

दादानं खाल्लं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो खात होता.

"मोहरी लागली," म्हणाला.

तेवढ्यात आतून खानसामा आला. खास पूजेसाठी बोलावलेला, मेदिनीपूरकडचा. वेटरनं त्याला सांगितलं होतं, बाहेर कुणी बाई बंगालीत ऑर्डर देऊन राहिली म्हणून. दोघं भराभरा बोलले. मला काही कळत नव्हतं, पण आवाज बसलेला असूनही वहिनी एकदम तरुण वाटत होती.

मग त्याचं लक्ष तिच्यासमोरच्या रिकाम्या जागेकडे गेलं. त्यानं विचारलं. काय विचारलं ते मला भाषा न येताही समजलं.

दादा खाली पाहू लागला.

"आज उपोष," ती म्हणाली.

उपास.

त्याला पटलं. आत जाऊन तो पायेशचा, म्हणजे तांदळाच्या खिरीचा, डबा घेऊन आला. उपास सुटला की खा, असं काहीतरी म्हणाला. तिनं दोन्ही हातांनी डबा घेतला, कपाळाला लावला.

निघताना मी म्हटलं, "वहिनी, हात धुऊन घे."

"राहू दे."

गाडीत मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी माझ्या गल्लीशी उतरले. वळून पाहिलं तर ओढणी खाली केलेली, आणि बोटं नाकाशी.

मी हात हलवला. आणखी काय करणार होते?

त्यानंतर ती बाहेर कुठं गेली नाही. पुढं नळीतूनही काही जाईना. दादा फोन करायचा आणि नुसता धरून ठेवायचा. मीही धरून ठेवायचे.

आज अकोल्यात मोर्णा नदीकाठी सगळं आटोपून घरी आलो. रीतीप्रमाणे शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकर पाठवली. दादासमोर ताट ठेवलं. सगळे म्हणत होते, दोन घास खाऊन घे.

तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "कालपर्यंत इशाऱ्यानं सांगे गं मौ. भूक लागली म्हने."



मौवहिनी, तुझ्यासाठी आमच्यापैकी कुणालाच काही करता आलं नाही.

जा गं. नीट जा.

तुझी नणंद,
रेखा