चांगुणेचा तामचिनीचा टोप

रेवदंड्याच्या बंदरातून मचवा सुटला, तेव्हा चांगुणा गावाकडे पाठ करून बसली होती. बाकीच्या बाया रडत होत्या, काठावरच्यांना हात करत होत्या. माझी बायको तेवढी समुद्राकडे तोंड करून. मी म्हटलं, "अगं, एकदा बघून तरी घे." तर म्हणाली, "काय बघू? तपेलं दिसतंय का हितनं?"

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहितोय. मला लिहिणं धड येत नाही. पण चांगुणा गेली, आता बोलायला कोण नाही. म्हणून कागद घेतला.

तपेलं म्हणजे आमच्या चौलच्या घरचं तांब्याचं मोठं भांडं. लग्न असो की बारावं, अंगणात तीन दगडांवर तेच चढायचं. आमची आई म्हणायची, "मोठ्या भांड्याकडं माणसं येतात. बारक्या भांड्याकडं मांजर येतं." ती असेतोवर सगळं एका चुलीवर चाललं. मग खाडीचा बांध फुटला. खारं पाणी शेतात शिरलं ते शिरलंच. दोन भावांच्या पोटाला पुरेल एवढं भात होईना. दादा थोरला, तो राहिला. मी निघालो.

निघताना चांगुणेनं तपेलं मागितलं. मुंबईत आपली माणसं एकटी पडलीत, त्यांना रांधून घालीन, असं तिच्या मनात. वहिनी उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "तपेलं घराचं हाय. घर सोडतो त्याच्या मागं भांडी जात न्हाईत." झालं. आम्ही निघालो ते बारक्या भांड्यांचं गाठोडं घेऊन. मांजराला पुरेल एवढं.

मला गोदीत हमाली मिळाली. माझगावात एका वाडीत खोली, पुढं थोडी मोकळी जागा. चार पैसे हाताशी आले तशी चांगुणा म्हणाली, "आता भांडं." मी म्हटलं तांब्याचं घेऊ. ती म्हणाली, "तांबं नको. कल्हई गेली की आंबट कळकतं. मला तामचिनीचं पायजे, लोखंडावर काचंचा लेप आसतो ते." हे तिच्या डोक्यात भरवलं शेजारच्या मारीबायनं. ती गोव्याची, कुठल्या साहेबाच्या बंगल्यावर रांधायला जायची. आंब्याचा रस आटवून बाटलीत भरायचा, टोपाच्या तळाशी फडकं घालून बाटल्या पाण्यात उकळायच्या, बुचावर मेण ओतायचं, की वर्षभर टिकतो, हे तिनं शिकवलेलं.

बाजारात दुकानदारानं टोप मांडले. पांढरे, निळ्या काठाचे. चांगुणा एकेकाच्या काठावरून बोट फिरवी. कुठं काळा ठिपका दिसला की बाजूला सारी. "टवका उडालाय. आत लोखंड हाय, हितनं गंज खाणार." कान ओढून पाहिले. पाणी भरायला लावलं, बूड पुसून बोट कोरडं राहतं का पाहिलं. मग हात आत घातला. बोटं तळाला टेकली पाहिजेत आणि कोपर काठावर राहिलं पाहिजे, असं तिचं माप. त्याहून खोल असला तर तळाचं करपतं आणि रांधणारीला कळत नाही. प्रत्येक टोपात हात जाई, आत बांगड्या किणकिणत. दुकानदार कंटाळला. "बाई, इसमें क्या ढूंढती हो?"

"तळ," ती म्हणाली.

"टोप लेना है या बहू पसंद करनी है?"

"बहू एवढी टिकत न्हाय, चाचा."

तो हसला. मला तिची तेवढीच एक मस्करी आठवते.

मग आमच्या दारात सुट्टीच्या दिवशी टोप चढू लागला. बुडाला माती आणि राख कालवून लेप द्यायचा, तीन दगड, वालाचं कालवण. चौलची, नागावची, पालीकडची, गोदीतली, गिरणीतली, सगळी एकटी माणसं यायची. बाजारात बटाटा काय भाव, गावात कोण मेलं, हे तिथंच कळायचं. उन्हाळ्यात ती आंब्याच्या बाटल्या भरायची आणि मचव्यावरच्या ओळखीच्या माणसाबरोबर वहिनीला पाठवायची. दरसाल. वहिनीचा बरा-वाईट शब्द कधी आला नाही. चांगुणा म्हणायची, "खाल्लं आसंल. खाल्ल्यावर कोण बोलतंय."

मग ती तापानं पडली. डॉक्टरनं मान हलवली. तिला समजलं होतं. म्हणाली, "माझं बारावं गावात करा. आपल्या अंगणात. ह्याच टोपात." दुसरं काही मागितलं नाही.

टोप घेऊन मी एकटा मचव्यात बसलो. इतकी वर्षं तिनं त्याला ओरखडा पडू दिला नव्हता. बंदरात उतरवताना खलाशाच्या हातून तो धक्क्याच्या दगडावर आपटला आणि काठाचा टवका उडाला. काळं दिसायला लागलं.

वहिनी त्याच उंबऱ्यात उभी होती. केस पांढरे झालेले, उभं राहणं तेच. "भावजी, विलायती भांडं हाय. त्यात हाडाची भुकटी घालत्यात म्हंत्यात. बारावं आमच्या तपेल्यातच व्हईल."

तिच्या मागं माळा दिसत होता. माळ्यावर चांगुणेच्या बाटल्या, रांगेनं. एकीचंही मेण फुटलेलं नव्हतं. मी बघतोय हे तिनं बघितलं. "फेकल्या न्हाईत," म्हणाली.

मी भांडलो नाही. कुंपणाबाहेर तीन जांभे दगड मांडले, टोपाला माती-राख फासली, भात लावला. आत अंगणात वहिनीचं तपेलं, बाहेर चांगुणेचा टोप. माझ्याकडं जेवायला बसले ते बाराव्यासाठी मुंबईहून मागाहून आलेले. चांगुणेच्या हातचं खाल्लेले. मग आतून दादा पत्रावळ घेऊन आला, काठी टेकत, आणि त्यांच्यात बसला.

"अवो, उठा!" वहिनी ओरडली. "काचंचं खाऊन प्वाट कापंल!"

"कापू दे," दादा म्हणाला. "ह्या वयात प्वाट सांभाळून कुणाला दाखवायचं हाय? वाढ रे."

पण खरं सांगायचं तर, वहिनीचं तपेलं अर्ध्यापर्यंत भरलेलंच राहिलं. गावातून जेवायला यायचे कोण? म्हातारे चार. तरणी माणसं मुंबईला. उरलेला भात संध्याकाळी गुरांना घातला. निघताना वहिनी बाहेर आली, तपेल्याच्या कानाला धरून. "न्या ह्ये. हितं आता त्यात कुणासाठी रांधू?"

ज्यासाठी चांगुणेनं गावाकडं पाठ केली ते तपेलं आयतं समोर आलं होतं. मी नको म्हटलं. तिला पाहिजे होतं, मला नव्हतं. आणि ती नव्हती.

लोक विचारतात, म्हातारपणी घरी परत का जात नाही. घर कुठलं? जिथं तिचा टोप आत घेतला नाही ते, की जिथं तो चढवायला ती नाही ते? मला दोन्हीही एकच वाटतात. माझगावला खोली आहे, झोपायला जागा आहे. त्याला घर म्हणायचं तर म्हणा.

काठाला टवका उडाला तिथं गंज धरलाय. रोज पसरतो. बारकं भांडं घे म्हणतात शेजारी. मी घेत नाही. मूठभर तांदूळ त्याच टोपात टाकतो, तळाशी नुसता ठिपका दिसतो. करपतोय का बघायला हात आत घालतो. बोटं भाताला टेकतात, कोपर काठावर राहतं, माप बरोबर आहे. फक्त आत काही किणकिणत नाही.