फुगा पहिल्यांदा चालला नाही तेव्हा

श्रीमती सलिमा रहेमान तांबोळी, वय एक्केचाळीस, राहणार वडाळा गाव, नाशिक. पद : माजी शिक्षिका, संगणक प्रोग्रामिंग, लहान गट. सेवामुक्तीचे कारण : विद्यार्थ्यांच्या चुकांचे प्रमाण. वर्तणूक : चांगली. संस्थेविषयी आकस : नाही.

हा दाखला गंगापूर रोडवरच्या क्लासचे मालक अमित कोठावदे यांनी स्वतः टाइप केला. शेवटचा रकाना कुठल्याच दाखल्यात नसतो. तो त्यांनी खास घातला, म्हणजे अंदाज त्यांनाही होता.

सलिमाची पद्धत साधी होती. प्रोग्राम चालला नाही की लगेच दुरुस्त करायचा नाही. आधी वहीत तीन ओळी : काय केलं, काय झालं, काय हवं होतं. मग कीबोर्डला हात. मुलं आधी कुरकुरली. महिन्याभरात एकमेकांना वह्या दाखवायला लागली. "माझ्या बावीस चुका झाल्या, तुझ्या?"

पालक मेळाव्यात फलक नावाच्या चौथीतल्या मुलीने स्वतः बनवलेली लिफ्ट दाखवली. ती तिसऱ्या मजल्यावर न थांबता छप्पर फोडून पडद्याबाहेर गेली. शेजारच्या अकरा कॉम्प्युटरांवर अमित सरांनी पेन ड्राइव्हने टाकलेला तयार प्रोग्राममधला फुगा मात्र वेळेवर वर गेला आणि वेळेवर फुटला. टाळ्या फुग्याला पडल्या.

"बाई, लोकांना फुगा बघायचाय," सर म्हणाले. "तो कसा होतो ते नाही."

"मग फुगेवालाच ठेवा ना सर."

दाखला दुसऱ्या दिवशी मिळाला. मुलांच्या वह्या रद्दीत गेल्या. नोकरी गेल्याचं सलिमाने फारसं मनाला लावून घेतलं नाही. वह्यांचं घेतलं.

तिने घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढला. फलकही तिथेच आली. दोन वर्षांनी अमित सरांनी शहरातल्या क्लासेसची स्पर्धा ठेवली आणि नियमावलीत हौसेने एक कलम घातलं : प्रत्येक संघाने समोरच्या संघाला एक प्रश्न विचारावा. सलिमाने ते कलम तीनदा वाचलं आणि त्या दिवशी मुलांना तासभर आधी सोडलं.

स्पर्धेत फलकची लिफ्ट तिन्ही मजल्यांवर थांबली. सरांच्या संघातून मनाली नावाची पाचवीतली मुलगी उठली. तिने फुगा उडवला. तोच फुगा.

सलिमाने पाठ करवून घेतलेला प्रश्न फलकने विचारला, "तुझा फुगा पहिल्यांदा चालला नाही, तेव्हा काय झालं होतं?"

मनालीने सरांकडे पाहिलं. सरांनी पंख्याकडे.

"तो चालतोच," मनाली म्हणाली. "सर देतात तेव्हाच चाललेला असतो."

सभागृह हसलं. "घ्या, मग पोरं करतात काय?" मागून कुणी आजोबा म्हणाले. या हशाची सलिमाने दोन वर्षं वाट पाहिली होती. तो पुरता ऐकून घ्यायच्या आत मनाली रडायला लागली. सर तोवर परीक्षकांचा चहा सांगायला बाहेर पडले होते.

पहिलं बक्षीस फुग्याला मिळालं.

रिक्षात फलक म्हणाली, "टीचर, त्या पोरीची काय गलती होती?"

"तिची काहीच नव्हती."

"मग आपली झाली. लिहायची ना?"

सलिमाने घरी आल्यावर वही उघडली. काय केलं : प्रश्न मनालीला विचारला. काय झालं : मनाली रडली. काय हवं होतं : सर रडायला हवे होते.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेचा अर्ज तिने दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन दिला. त्यावर आवक क्रमांक एक आहे.